केसपेपरवर दुःख कुठं लिहायचं?

मी 'मेडिकल कोडिंग' करते असं सांगितलं, की आमच्या गावात त्याचे दोन अर्थ निघतात. 'मेडिकल' ऐकणारे म्हणतात, औषधाच्या दुकानात आहे. 'कोडिंग' ऐकणारे म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. यातलं मी काहीच नाही. बी.एस्सी. झालेली, दोन मुलांची आई. नागपूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांत डॉक्टरांनी पेशंटबद्दल जे लिहिलेलं असतं ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला नंबर द्यायचा. त्या नंबरावर तिकडची विमा कंपनी बिल मंजूर करते, नाहीतर परत पाठवते.

शिकताना पहिल्याच दिवशी दोन नियम डोक्यात बसवले होते. एक, लिहिलं नाही तर झालं नाही. डॉक्टरांनी तासभर तपासलं असेल, पण कागदावर नसेल तर आमच्या दृष्टीनं ते घडलंच नाही. दुसरा नियम, लक्षणांवरून आजार आपण ठरवायचा नाही. साखर तीनशे दिसत असली, तरी डॉक्टरांनी 'मधुमेह' असं लिहिलेलं नसेल तर मधुमेहाचा नंबर टाकता येत नाही. फार तर डॉक्टरांना विचारायचं, तेही त्यांच्या तोंडी शब्द न घालता.

हे दोन नियम एक दिवस माझ्याच माहेरी मला झोपू देणार नाहीत, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझं सासर आणि माहेर एकाच गावात. चालत दहा मिनिटं. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला. छत्तीस वर्षांचा. ताप आल्यापासून नवव्या दिवशी. आईनं त्याला शेवटचं पाहिलं ते रिक्षात बसताना. पुढचं सगळं नगरपालिकेच्या माणसांनी केलं. आम्ही स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे होतो. तेराव्याला घरात पाच माणसं होती. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी तो महिना असाच काढला असेल, त्यामुळं जास्त सांगत नाही.

सगळ्यांचं लक्ष वहिनीकडं होतं. एकतिसाव्या वर्षी पांढरं कपाळ, मुलगा सहा वर्षांचा. ती रडली, आजारी पडली, महिनोन् महिने कुणाशी बोलली नाही. मग हळूहळू उठली. एका कृषी केंद्रात हिशेब लिहायला जाऊ लागली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी पेपरात आली. ती वाचून वहिनीनं दुसऱ्या दिवशी टिकली लावली. मी तिच्या शेजारी उभी होते. मला वाटलं आई काहीतरी बोलेल. ती काहीच बोलली नाही. तिनं बघितलंसुद्धा नाही.

आईकडं आमचं लक्ष नव्हतं, कारण आई कामाला लागली होती. पहाटे उठून पाणी भरायची, भाकऱ्या टाकायची, नातवाला शाळेत सोडायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "आई खंबीर हो तुमची." आम्हालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

पण काही गोष्टी होत्या. ती दर महिन्याला भावाच्या मोबाइलचं रिचार्ज करायची. स्वतःच्या औषधाला पैसे नाहीत म्हणायची, पण रिचार्जची तारीख चुकायची नाही. दवाखान्याच्या रस्त्यानं जायची नाही, त्यासाठी बाजाराला लांबून वळसा घालायची. त्याचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "मला माहीत आहे गं तो गेला. पण पटत नाही."

यातलं काही अडत नव्हतं. अडलं ते बँकेत.

भावाच्या नावावर दोन लाख चाळीस हजारांची ठेव होती आणि तिला वारसदाराचं नाव लावलेलं नव्हतं. सरकारचे पन्नास हजार वहिनीला मिळाले, पण या ठेवीसाठी बँकेनं सांगितलं, बायको, मुलगा आणि आई असे तिघं वारस आहेत, आईंची सही लागेल. फॉर्म घरी आला. आई म्हणाली, "आज नको." दुसऱ्या दिवशी, "बघू." पुढच्या महिन्यात फॉर्म देवघराच्या खालच्या खणात गेला. तिथं तो वर्षाच्या वर पडून राहिला.

गावात कुजबुज सुरू झाली. सासू पैशावर बसली. वहिनीच्या माहेरचे तर उघड बोलू लागले. एका संध्याकाळी वहिनी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, आईंना पैसे हवे असतील तर घेऊ द्या. पण तसं त्या एकदा बोलल्या तर मला बरं वाटेल." मला लाजच वाटली. तशीच उठून माहेरी गेले आणि आईला म्हणाले, "सही केली नाहीस म्हणून तो परत येणार आहे का?" आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं होतं, म्हातारपणी पैशाची हाव सुटते म्हणतात, तसंच असेल.

आमच्या कामात दर वर्षी १ ऑक्टोबरला नवे नंबर लागू होतात. २०२२ च्या यादीत एक नवा नंबर होता, एफ ४३.८१. लांबलेल्या शोकाचा विकार. कंपनीनं त्याचं प्रशिक्षण ऑनलाइन ठेवलं होतं. मी वही घेऊन बसले, नेहमीसारखी.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या आजारांच्या पुस्तकात हा विकार पहिल्यांदा रीतसर घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीतही, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, तो आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिथं त्याचा नंबर आहे ६बी४२. दोन्हीकडची मुदत मात्र वेगळी. जागतिक यादी म्हणते, माणूस जाऊन किमान सहा महिने झालेले असावेत. अमेरिकन पुस्तक मोठ्यांसाठी बारा महिने सांगतं, लहान मुलांसाठी सहा. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ, किंवा सतत त्याचेच विचार. ते जवळजवळ रोज, निदान गेला महिनाभर. त्याशिवाय आठ लक्षणांपैकी किमान तीन. आपलाच एक भाग मेला असं वाटणं. तो गेला यावर विश्वास न बसणं. त्याच्या जाण्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं. राग, कडवटपणा, टोकाचं दुःख. माणसांत आणि रोजच्या आयुष्यात परत मिसळता न येणं. मन बधिर होणं. जगण्याला अर्थ नाही असं वाटणं. भयंकर एकटेपणा. आणि हे सगळं त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीत जेवढं धरलं जातं त्यापेक्षा जास्त असायला हवं.

मी लिहून घेत होते. 'टाळणं' लिहिलं आणि पेन थांबलं. दवाखान्याचा रस्ता. फोटो. बँकेचा फॉर्म. त्या फॉर्मवर 'मयताचे नाव' असा रकाना होता आणि तिथं माझ्या भावाचं नाव लिहिलेलं होतं. त्याखाली सही करायची होती. मी पैशांचा हिशेब करत होते, आणि आईला दिसत होता तो रकाना.

या नंबरावरून तज्ज्ञांत बरीच वर्षं वाद चालला होता, तोही त्या दिवशी कळला. १९४२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. त्यांच्या मागे राहिलेल्यांवर उपचार करताना एरिक लिंडेमान या डॉक्टरांनी १९४४ मध्ये शोकाची लक्षणं नीट मांडली. तेव्हापासून प्रश्न होता, की दुःखाला आजार म्हणायचं का? नको म्हणणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. प्रेम केलं म्हणून दुःख होतं, त्याला औषधाच्या चिठ्ठीत कोंबू नका. उद्या वर्षभर रडणाऱ्या प्रत्येक बाईला गोळ्या सुरू होतील. हो म्हणणारे सांगत होते, बहुतेकांचं दुःख काळाबरोबर निवतं, पण काहींचं तिथंच अडकतं. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला अंदाज साधारण दहात एक असा आहे. त्यांच्या अडकण्याला नावच नसेल तर त्यांना मदत कोण करणार?

नाव असलं की काय बदलतं, ते आमच्या कामात रोज दिसतं. घरात मृत्यू झाला, एवढंच डॉक्टरांनी लिहिलं तर आम्ही झेड ६३.४ टाकतो. ती आयुष्यात घडलेल्या घटनेची नोंद. तेवढ्यावर तिकडच्या विमा कंपन्या बहुधा उपचाराचे पैसे देत नाहीत. नैराश्य लिहिलं तर एफ ३२. पण नैराश्य आणि हा शोक दिसायला सारखे असले तरी एक नाहीत. नैराश्यात कशाचंच काही वाटेनासं होतं. इथं मन एकाच माणसाकडं ओढ घेत राहतं. उपचारही वेगळे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. कॅथरीन शियर यांनी शोकासाठीच सोळा बैठकींची बोलण्याची उपचारपद्धत तयार केली आणि ती नैराश्यासाठीच्या बोलण्याच्या उपचारापेक्षा जास्त उपयोगी ठरली. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की नैराश्याच्या गोळीनं सोबतचं नैराश्य कमी झालं, पण शोक हलवला तो या बैठकींनी.

तेव्हा कागदावर काय लिहिलंय, त्यावर पुढं काय मिळणार ते ठरतं. प्रशिक्षण संपल्यावर मी माहेरी गेले आणि आईचे कागद मागितले. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आमच्या गावातल्या डॉक्टरांच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या, दीड वर्षातल्या. मी त्या ओट्यावर तारखेनं मांडल्या. बीपी. झोप नाही. अंगदुखी. गॅस. वीकनेस. झोप नाही. झोपेची गोळी, ताकदीच्या गोळ्या, परत झोपेची गोळी.

अकरा चिठ्ठ्यांत एकदाही 'मुलगा वारला' असं लिहिलेलं नव्हतं.

मी डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. आई सांगायची "झोप येत नाही" आणि ते झोपेवर लिहायचे. पण लोकांचे कागद वाचून मी पगार घेते, आणि माझ्या आईचे कागद मी कधी वाचले नव्हते.

आता दुसरा नियम आडवा आला. लक्षणांवरून आजार आपण ठरवायचा नाही. आईला काय झालंय ते मला कळलं असं वाटत होतं, पण ते ठरवणारी मी कोण? म्हणून मी एका कागदावर फक्त घडलेलं लिहिलं. मुलगा गेल्याची तारीख, कसा गेला, शेवटचं दर्शन झालं नाही. तेव्हापासून झोप किती, जेवण किती, वजन किती उतरलं. कुठं जाणं बंद केलं. बँकेचा फॉर्म, रिचार्ज. आजाराचं नाव कुठंही लिहिलं नाही.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग आहे. तिकडं न्यायचं म्हटल्यावर काकाजींनी डोक्याला हात लावला. "मानसिकचा कागद झाला की संपलं. उद्या बँक म्हणेल बाई वेडी आहे, हिची सही चालत नाही." वहिनीही घाबरली. भीती खोटी नव्हती, म्हणून मी कायदा शोधला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की मानसिक आजार ठरला एवढ्यावरून ती व्यक्ती 'अस्थिर मनाची' ठरत नाही, तसं फक्त कोर्टच जाहीर करू शकतं. काकाजींना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कायदा आहे, पण लोक?" लोकांचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. आईला खोटं सांगितलं नाही. "झोपेचं दाखवू, आणि दादाचंही बोलू," म्हटलं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, पण उतरली नाही.

तिथल्या मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी माझा कागद वाचला, बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "मावशी, मुलाचं नाव काय?" नाव सांगून आई पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर रडली. मॅडमनी मग बरंच विचारलं. जगू नये असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. मी दचकले. आई शांतपणे म्हणाली, "वाटतं कधी कधी. पण नातू आहे." हे मला माहीत नव्हतं.

मग आई जे बोलली, ते दीड वर्षात घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. तो जायला तयार नव्हता. घरीच बरा होईन म्हणत होता. "मीच त्याला रिक्षात बसवलं. म्हटलं, जा, दोन दिवसांत येशील."

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं. मुलाच्या मृत्यूला एकवीस महिने. लांबलेला शोक. सोबत नैराश्य आहे का, हे पुढच्या भेटीत पुन्हा पाहायचं. जिवाचा विचार येतो, बेत नाही, घरच्यांना सांगितलं. माझ्यातली कोडर गप्प बसेना, मी नंबर विचारला. त्या हसल्या. "इथं अजून जुन्या यादीनं चालतं, त्यात याला वेगळा नंबर नाही. पण मी शब्दांत पूर्ण लिहिलंय. पुढचा डॉक्टर कुणीही असला तरी त्याला कळेल." माझा पहिला नियमच तो. लिहिलं, म्हणजे झालं.

चमत्कार झाला नाही. आधी पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यानं फेऱ्या सुरू झाल्या. झोपेची गोळी हळूहळू कमी करून बंद केली. समुपदेशक ताई आईकडून तो दिवस पुन्हा पुन्हा सांगून घ्यायच्या, रिक्षापासून फाटकापर्यंत. मला ते क्रूर वाटायचं. पण पाचव्या-सहाव्या वेळी आईच्या सांगण्यात एक वाक्य वाढलं. "ऑक्सिजन कमी झाला होता म्हणून पाठवलं." ते आधीही खरंच होतं, पण तिला तेव्हा आठवलं. मग घरचा अभ्यास. दवाखान्याच्या रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, नातवाचा हात धरून. दोनदा अर्ध्यातून परत आली. एकदा मी रागावले, तर समुपदेशक ताई मलाच रागावल्या.

२०२३ च्या श्रावणात एका दुपारी आईनं देवघराचा खण उघडला. फॉर्म काढला आणि वहिनीला म्हणाली, "वाच मोठ्यानं." वहिनीनं 'मयताचे नाव' पासून सगळा वाचला. आईनं सही केली. दोघी बँकेत गेल्या. कागद जुना झाला म्हणून बँकेनं नवा फॉर्म भरायला लावला, तेव्हा आईनं तिथंच दुसऱ्यांदा सही केली. वहिनी म्हणते, येताना दोघी रसवंतीत बसल्या आणि पैशांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, हे वाचून शेजारच्या काकूंना हा आजार आहे असं ठरवू नका. तो अधिकार माझाही नाही, तुमचाही नाही. वर्षभर रडणं हा आजार नाही. श्राद्धाला डोळे भरून येणं हा आजार नाही. पण वर्ष-दीड वर्षानंतरही घरातलं माणूस त्याच दिवसापाशी थांबलेलं दिसलं, तर त्याला हट्टी, लोभी किंवा नाटकी म्हणण्याआधी एकदा दाखवा. जाताना साधं पान लिहून न्या. कोण गेलं, कधी गेलं, तेव्हापासून काय काय थांबलं. डॉक्टरांना वेळ कमी असतो, पान वाचायला एक मिनिट लागतं. 'वीकनेस' लिहून गोळी मिळाली, तर "हिचा मुलगा गेलाय, तेही लिहा" म्हणायला लाजू नका. केसपेपर जपून ठेवा. त्याच कायद्यानं आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा आणि ते गुप्त राहण्याचा हक्क दिलाय. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर १४४१६ या नंबरावर सरकारची टेलिमानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी करत असेल, तर वर्ष मोजत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

आई बरी आहे. पहिल्यासारखी नाही, तशी होणारही नाही. फोटो लागलाय. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात तासभर बसून आली. भावाच्या मोबाइलचं रिचार्ज मात्र अजून चालू आहे. मी मॅडमना विचारलं होतं, हे बंद करायला हवं का? त्या म्हणाल्या, "असू दे. त्यानं कुणाचं काही अडत नाही ना?"

आता ते रिचार्ज मी करते.